थंडीत साडी पायाला चिकटते? हे करून बघा

नागपूरच्या डिसेंबरात जॉर्जेटची साडी नेसून दहा पावलं टाकली की ती पायात गोळा होते, रात्री काढताना चरचर आवाज येतो आणि लाइट बंद असेल तर ठिणग्यासुद्धा दिसतात. मुंबईत हा त्रास फार नाही, कारण तिथल्या हवेत दमटपणा असतो. कोरड्या हवेत, कपडे एकमेकांवर घासून त्यांच्यावर साचलेल्या विजेला (स्टॅटिकला) निघून जायला वाटच नसते.

आधी पॉलिस्टर सॅटिनचा परकर कपाटात ठेवा आणि सुती घाला. सुती कापड हवेतली ओल वजनाच्या 8 टक्क्यांच्या आसपास धरून ठेवतं, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. अर्धं काम इथेच होतं.

आता कपड्यांचा (फॅब्रिक) कंडिशनर. यात माझे दोन हिवाळे वाया गेले. मी तो पावडरीबरोबरच मशीनमध्ये ओतायची आणि वर म्हणायची की काही उपयोग नाही. अहो, साबण आणि कंडिशनर एकत्र आले की एकमेकांना धरून बसतात, मग धड मळ निघत नाही आणि साडी चिकटायचीही थांबत नाही. एकदा तर थेट साडीवरच ओतला, निळ्या साडीवर तेलकट डाग पडले ते अजून आहेत. म्हणून सांगते, पाण्याला फेस येईनासा होईपर्यंत साडी खळबळून घ्या, मग बादलीभर स्वच्छ पाण्यात बाटलीवर लिहिलंय तेवढाच कंडिशनर घालून आधी नीट ढवळा आणि मगच साडी पाचेक मिनिटं बुडवा. त्यानंतर पुन्हा पाण्यातून काढायची नाही! वास जास्त येतो म्हणून बऱ्याच जणी परत खळबळतात आणि सगळं धुऊन टाकतात. जास्त ओतलं की जास्त फायदा, असंही नसतं, कापड मेणचट होतं. टॉवेल त्या बादलीत अजिबात नको, पाणी टिपेनासे होतात.

वाळत सावलीत घाला, कडकडीत होण्याआधी काढा.

ऐन लग्नाला निघताना चिकटली तर पायांना मॉइश्चरायझर चोळा आणि परकरावरून बाहेरच्या बाजूने ओला हात फिरवा, नाहीतर साडी आणि परकराच्या मधून लोखंडी हँगर फिरवा. हेअरस्प्रे मारा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, तो पटकन पेट घेतो आणि लग्नघरात समया, निरांजनं सगळीकडे असतात. फॉइलचे गोळे टाकायचा उपाय गरम हवेच्या ड्रायरसाठी आहे, दोरीवर वाळवणाऱ्यांनी त्याच्या नादी लागू नये.