व्हॅनमधली साउंड सिस्टम घरीच बदलताना: विदर्भाच्या उन्हात आणि पांदण रस्त्यावर टिकेल अशी

व्हॅनमध्ये गादी, शेगडी, पाण्याची टाकी बसवून शेगाव, माहूर, चिखलदऱ्याला मुक्कामी जाणारे लोक वाढलेत. सोय सगळी होते, पण गाणं लावलं की कंपनीचे स्पीकर चिरकतात आणि जरा वाढवलं की फाटतात. त्यावर बहुतेक जण आधी मोठ्या वॅटचा ॲम्प्लिफायर आणतात. मग स्पीकरपेक्षा पत्राच जास्त वाजायला लागतो. पैसा आधी पत्र्यावर लावा, मग वायर आणि अर्थिंगवर, मग स्पीकरवर. ॲम्प्लिफायरचा नंबर शेवटचा.

पत्रा

दाराचं आतलं कव्हर काढा आणि बाहेरच्या पत्र्यावर आतून बोटाच्या पेराने ठोका. टणटण वाजला, तर स्पीकरसोबत तोही वाजणार आणि बेस खाऊन टाकणार. त्यावर ॲल्युमिनियम फॉइलची 2 मिमी ब्युटाइल (चिकट रबरी) शीट लावा. डांबरी शीट स्वस्त पडते, पण मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा 45 च्या वर गेला की उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. डांबर पाघळतं, शीट घसरते आणि झोपायच्या जागेत वास कोंडून राहतो. सगळा पत्रा झाकायची गरज नाही. मधला तिसरा हिस्सा ते निम्मा भाग पुरे. दोन पुढची दारं आणि छत मिळून दीड ते दोन चौरस मीटर शीट लागते.

पत्रा थिनरने पुसून पूर्ण कोरडा करा. सकाळी सावलीत शीट चिकटवा आणि फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत रोलर दाबून फिरवा. नक्षी उठून दिसते तिथे शीट चिकटलेली नसते, आत हवा असते. पुन्हा ठोकून बघा, आता आवाज ठप्प यायला हवा. दाराच्या तळाला पाणी निथळायची भोकं असतात, ती चुकूनही बुजवू नका. बुजली तर पावसाळ्यात दारात पाणी साचतं, पत्रा गंजतो आणि स्पीकरही जातो. कव्हरखालचा प्लास्टिकचा कागद फाटला असेल तर नवा लावूनच कव्हर बसवा.

स्पीकर

साडेसहा इंची, 4 ओहमचे, 50 वॅट आरएमएसचे स्पीकर घ्या. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला 'मॅक्स' आकडा सोडून द्या, आरएमएस, म्हणजे स्पीकर सतत पेलतो ती वॅट, तेवढी बघा. सेन्सिटिव्हिटी (ठरावीक वॅटला किती मोठा आवाज निघतो ते) 90 डीबी किंवा जास्त असेल तर कमी वॅटमध्येही भागतं. कागदी कोनपेक्षा पॉलिप्रॉपिलीनचा कोन आणि रबरी कड इथल्या धुळीत, दमट पावसाळ्यात जास्त टिकते. विकत घेण्याआधी काच पूर्ण खाली करून दारातली खोली मोजा, कारण व्हॅनच्या दारात जागा थोडी असते आणि काच मॅग्नेटला आपटते. थोडंच कमी पडत असेल तर 12 मिमी मरीन प्लायची रिंग कापून, रंगवून मध्ये घाला. एमडीएफची रिंग करू नका, एका पावसाळ्यात ती फुगते.

वायर आणि अर्थिंग

50 वॅटचे चार चॅनल (स्पीकरचे चार आउटपुट) असलेला क्लास डी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या प्रकारचा, ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात 18-19 अँपिअर ओढतो. बॅटरीपासून 5 मीटरपर्यंतच्या अंतराला 10 चौरस मिमीची शुद्ध तांब्याची वायर पुरते. वायरची एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, परत करा. वेल्डिंगच्या दुकानातली 16 चौरस मिमीची केबल मऊ असते आणि चालते, पण तीही तांब्याची आहे याची खात्री करून घ्या.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. पॉझिटिव्हपासून 30 सेंटिमीटरच्या आत 40 अँपिअरचा फ्यूज बसवा. हा फ्यूज वायरसाठी आहे: वायर घासून बॉडीला टेकली आणि फ्यूज ॲम्प्लिफायरजवळ असला, तर मधली सगळी वायर पेट घेते. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाची कड झाकणारी रिंग) हवाच. तळाला भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून पेट्रोल आणि सीएनजीचे पाइप कुठून गेलेत ते डोळ्यांनी बघा.

अर्थिंगची वायर 50 सेंटिमीटरपेक्षा लांब नको. बॉडीवरचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा, क्रिम्प केलेला लग (वायरच्या टोकाला दाबून बसवलेली कडी) नायलॉक नटने, म्हणजे आपोआप सैल न होणाऱ्या नटने, आवळा आणि वरून ग्रीस लावा. मग इंजिन सुरू करून, गाणं जोरात लावून, बॅटरीची निगेटिव्ह आणि ॲम्प्लिफायरचा ग्राउंड यांच्यामध्ये मल्टिमीटर धरा. 0.1 व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर अर्थिंग कच्चं आहे. आरसीए केबल (डेकपासून ॲम्प्लिफायरपर्यंत गाण्याचा सिग्नल नेणारी) पॉवरच्या वायरसोबत नेऊ नका, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या. डेकची पिवळी वायर कायम 12 व्होल्टची, लाल चावीवरची आणि निळी-पांढरी ॲम्प्लिफायर चालू करणारी, म्हणजे रिमोट. ॲम्प्लिफायरची रिमोट वायर थेट बॅटरीला जोडली तर तो रात्रभर चालू राहतो आणि सकाळी गाडी सुरू होत नाही.

शिटी ऐकू आली आणि एक्सलेटर दाबल्यावर तिचा सूर चढला, तर आधी अर्थिंग आणि आरसीए तपासा. इंजिन बंद असतानाही किरकिर येत असेल तर मोबाइल चार्जर, एलईडी पट्टी, सोलर कंट्रोलर एकेक करून बंद करा. बहुधा स्वस्त चार्जरच सापडतो.

गेन

ॲम्प्लिफायरवरचा गेनचा नॉब म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, डेकचा सिग्नल किती वाढवायचा ते तो ठरवतो. जास्त ठेवला की आवाज फाटतो आणि ट्विटर जळतात. स्पीकरच्या वायरी सोडवा, डेकचे बास-ट्रेबल शून्यावर आणा, ॲम्प्लिफायरचे फिल्टर बंद करा आणि डेकचा आवाज तीन चतुर्थांशावर ठेवा. 100 हर्ट्झचा टोन (एकसारखा सूर) लावून मीटर एसी 200 व्होल्टवर घ्या. साध्या मीटरचं एसी मोजमाप 40 ते 400 हर्ट्झमध्येच खरं असतं, म्हणून 1000 हर्ट्झचा टोन इथे नको. 50 वॅट गुणिले 4 ओहम म्हणजे 200, त्याचं वर्गमूळ 14. मीटरवर 14 व्होल्ट आले की थांबा. स्पीकर परत जोडून हाय-पास फिल्टर (खालचे जड सूर अडवणारा) 80 हर्ट्झवर लावा.

कानाने तपासायला खंजिरी भजनासारखी कसोटी नाही. झांजा कानाला टोचल्या तर क्रॉसओव्हरवर (स्पीकर आणि ट्विटरला सूर वाटून देणारा डबा) ट्विटर 3 डीबीने उतरवा. त्याच भजनातली थाप पोकळ वाटली, तर दोन्ही दारांच्या स्पीकरची प्लस-मायनस तपासा. एक उलटा जोडला गेला की बेस गायब होतो.

मुक्कामाची बॅटरी

बेताच्या आवाजात डेक आणि ॲम्प्लिफायर मिळून 4-5 अँपिअर घेतात, म्हणजे चार तासांना 16 ते 20 एएच (अँपिअर-तास). एवढं गाडीच्या बॅटरीतून काढू नका. फवारणीच्या बॅटरी पंपातली 12 एएचची बॅटरी लावून बघायचा मोह होतो, पण ती दीड तासात निम्मी रिकामी होते आणि ऐन फवारणीत दगा देते. 50 एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि 20 अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (इंजिन चालू असताना गाडीच्या विजेवर ही बॅटरी भरणारा) ही जोडी योग्य. ही बॅटरी फार तापली की चार्जिंग थांबवते, म्हणून ती हवेशीर कप्प्यात ठेवा. इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी झोपायच्या जागेत नको, चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते.

ॲम्प्लिफायर गादीखाली दाबू नका, चारही बाजूंनी 5 सेंटिमीटर हवा सोडा. दुपारी मध्येच बंद पडून संध्याकाळी आपोआप सुरू होत असेल तर तो बिघडलेला नाही, तापल्यामुळे स्वतःला वाचवतोय.

पांदण रस्त्यावर आठवडाभर गाडी फिरली की सगळे नट पुन्हा आवळा, विशेषतः अर्थिंगचा. पावसाळ्यात गाडी गोठ्याशेजारी किंवा गोदामात उभी राहणार असेल तर वायरी फ्लेक्सिबल पाइपातून घ्या आणि गाडीच्या तळाला पाडलेली भोकं (दाराची नव्हेत) पत्र्याच्या झाकणाने बंद करा. उंदीर आधी पातळ आरसीए केबलच कुरतडतात.