हृदयाच्या उजव्या कप्प्याची टॅप्सी १७ आली म्हणून लगेच इकोचा प्रोब खाली ठेवू नका

गेल्या पावसाळ्यात आटपाडीकडची एक आज्जी आली. पाय नडगीपर्यंत सुजलेले, गळ्याच्या शिरा टरारलेल्या आणि पिशवीत आधीचा कुठला तरी इको, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट. त्यात एकच ओळ: ईएफ ६० टक्के, हृदय नॉर्मल. ईएफ म्हणजे कप्पा दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो ते. ती खरंच ६० होती, पण डाव्या खालच्या कप्प्याची. उजव्याकडं कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. उभा जन्म चुलीपुढं गेलेल्या बाईची फुप्फुसं खराब झाली, की त्याचा भार उजव्या कप्प्यावरच पडतो.

मिरजेत मी अठरा वर्षं इको करतेय. शिकायला येणाऱ्या मुलींना जे सांगते तेच इथं लिहिते.

आडव्या छेदात डावा कप्पा भाकरीसारखा गोल दिसतो आणि उजवा म्हणजे त्याला बिलगलेली करंजी. करंजीला कुठलंच सूत्र धड बसत नाही, म्हणून उजव्याची ईएफ टू-डीवर, म्हणजे साध्या सपाट चित्रावर काढायच्या भानगडीत पडू नका. एमआरआय चांगलं माप देतो, पण प्रत्येक आज्जीला कुठं एमआरआयला धाडणार? आपण तीन-चार साधी मापं घ्यायची आणि ती एकमेकांशी जुळतात का बघायचं.

पेशंटला डाव्या कुशीवर घ्या, डावा हात डोक्याखाली. रोजचा चार कप्प्यांचा व्ह्यू आला की तिथंच थांबू नका, त्यात उजवा कप्पा बऱ्याचदा अर्धवट कापला जातो. प्रोब थोडा बाहेरच्या बाजूला सरकवा, किंचित फिरवा, उजवा कप्पा जास्तीत जास्त रुंद दिसेपर्यंत. बुडाशी, म्हणजे झडपेजवळ, रुंदी ४१ मिलिमीटरच्या वर गेली तर कप्पा फुगलाय.

आता टॅप्सी. उजव्या कप्प्याचे धागे मुख्यतः उभे असतात, त्यामुळं तो आकसताना ट्रायकस्पिड झडपेची (उजवीकडच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधली) कडा कप्प्याच्या टोकाकडं ओढली जाते. ती किती ओढली जाते, तेवढंच मोजायचं, तीच टॅप्सी. एम-मोडचा (एकाच रेषेवरची हालचाल दाखवणारा) कर्सर झडपेच्या बाहेरच्या कडेवर टाका, श्वास सोडून थांबायला सांगा, आणि रेघेच्या तळापासून शिखरापर्यंत माप घ्या. १७ मिलिमीटरच्या खाली म्हणजे कमी. कर्सर कडेच्या हालचालीच्या दिशेत हवा. तो तिरका पडला तर माप उगाच कमी येतं, आणि मुली नव्वद टक्के वेळा इथंच चुकतात. (नव्वद हा माझा वैतागाचा आकडा, शास्त्रातला नव्हे.) त्याच कडेवर टिश्यू डॉप्लर (स्नायूच्या हालचालीचा वेग मोजणारा मोड) लावून आकसतानाचा वेगही घ्या. तो सेकंदाला ९.५ सेंटिमीटरच्या खाली नसावा.

टॅप्सी आणि हा वेग, दोन्हींचं दुखणं एकच: एका कडेवरून अख्ख्या कप्प्याचा अंदाज. मी स्वतः फसलेय. बायपास होऊन महिना झालेले एक मास्तर आले होते. टॅप्सी ११. मी बेधडक ‘उजवा कप्पा कमजोर’ लिहून मोकळी झाले. मास्तर तीन जिने चढून आले होते, धापही लागली नव्हती, ते माझ्या डोक्यातच आलं नाही. छाती उघडून ऑपरेशन झाल्यावर कडेची उभी हालचाल कमी होते, कप्पा मात्र आडवा चांगला आकसत असतो. डॉक्टरांनी परत पाठवल्यावर मी क्षेत्रफळ काढलं: बदल ४१ टक्के, ठणठणीत.

म्हणून क्षेत्रफळ सोडू नका. कप्पा पूर्ण भरलेला असताना आतली कडा गिरवा, पूर्ण आकसल्यावर पुन्हा गिरवा. आतले स्नायूंचे पट्टे पोकळीतच धरायचे, ते वगळत बसू नका. आज्जीचं भरलेलं ३० चौरस सेंटिमीटर, आकसलेलं २३. फरक ७, म्हणजे २३ टक्के. ३५ च्या खाली गेलं की कप्पा दमलाय.

मग टीआरचा जेट, म्हणजे ट्रायकस्पिड झडपेतून उलटी गळणारी रक्ताची धार. तिच्या वेगाचा वर्ग गुणिले चार, त्यात उजव्या कर्णिकेचा (वरच्या कप्प्याचा) दाब मिळवा, की आकसतानाचा उजव्या कप्प्यातला दाब येतो. कर्णिकेचा दाब आयव्हीसीवरून, म्हणजे खालून हृदयाकडं येणाऱ्या मोठ्या शिरेवरून धरायचा. बरगड्यांच्या खालून बघा आणि पेशंटला नाकानं झटकन हवा ओढायला सांगा. ‘दीर्घ श्वास घ्या’ म्हटलं की पोट फुगतं आणि आयव्हीसी चित्रातून पळते. मी सांगते, ‘सर्दीत शेंबूड वर ओढता ना, तसं.’ आज्जी म्हणाली, ‘मला काय पडसं झालंय व्हय?’ पण ओढलं बरोबर. शीर २१ मिलिमीटरपर्यंत असून निम्म्याहून जास्त मिटली तर दाब ३ मिलिमीटर पारा धरा. त्याहून जाड आणि निम्मीही मिटत नसेल तर १५. अधलंमधलं असेल तर ८.

एक मात्र ध्यानात ठेवा: कप्पा फारच थकला की जेटचा वेगही उतरतो. आकडा सुधारला म्हणून खूश होऊ नका, तेव्हाच कप्प्याकडं नीट बघा.

आज्जीच्या रिपोर्टात मी लिहिलं: उजवा कप्पा बुडाशी ४८, टॅप्सी १३, क्षेत्रफळातला बदल २३ टक्के, टीआर सेकंदाला ३.६ मीटर, आयव्हीसी २५ आणि मिटत नाही, उजव्या कप्प्यातला दाब अंदाजे ६७. डाव्याची ईएफ ६० शेवटच्या ओळीत टाकली.