जादा खोलीचा फ्लॅट भाड्याने घेताना आधी मापाची टेप बाहेर काढा

बजेट ठरवणं, कागदपत्रं जमवणं, चार फ्लॅट बघून येणं हे तुम्हाला जमतं असं मी धरून चालते. मला बोलायचंय ते जाहिरातीत ‘स्टडी’ किंवा ‘मल्टिपर्पज रूम’ म्हणून खपवलेल्या त्या अर्ध्या खोलीबद्दल. तिच्यापायी दर महिन्याला जादा भाडं जातं, आणि फ्लॅट बघताना आपण दारातूनच आत डोकावतो, ‘छान आहे’ म्हणतो आणि स्वयंपाकघराकडे वळतो.

निघण्याआधी तिचे उपयोग ठरवा. दोनच. एक रोजचा, एक अधूनमधूनचा. ऑफिस, पाहुणे, व्यायाम, मुलांचा अभ्यास, शिवाय थोडं सामान अशी यादी घेऊन गेलात तर कुठलीही खोली चालेलशी वाटते. एजंटही ‘इथे काहीही करता येईल’ म्हणतोच. ते कानाआड करा.

फ्लोअर प्लॅन मागून घ्या. फोटोंवर जाऊ नका, वाइड लेन्सने कपाटाचीही खोली होते.

आता मापं. मला सगळ्यात जास्त छळलं ते याच टप्प्याने. कारण जो तो चौरस फूट सांगतो आणि चौरस फुटांवरून काहीएक कळत नाही. एक खोली ८ बाय ७ फूट, दुसरी १० बाय साडेपाच. क्षेत्रफळ जवळजवळ सारखंच. सिंगल बेड साधारण ३ फूट बाय सव्वासहा फूट, कामाचं टेबल ४ बाय २, आणि खुर्ची मागे सरकवून उठायला टेबलासमोर अडीच-तीन फूट मोकळे हवेत. पहिल्या खोलीत ७ फुटांच्या भिंतीला बेड लावला, समोरच्या भिंतीला टेबल, तर मधे बरोबर ३ फूट उरतात. भागतं. दुसरीत बेड आडवा बसतच नाही. लांबीच्या भिंतीला लावला तर टोकाला पावणेचार फूट राहतात. टेबल त्या टोकाच्या भिंतीला मधोमध लावलं आणि त्यातले २ त्याने खाल्ले की खुर्ची बेडवर आपटते. टेबल बेडसमोरच्या लांब भिंतीला, त्या टोकाच्या कोपऱ्यात सरकवलं, तर कुठे भागतं, तेही दार तिथे नसेल तर.

दरवाजा आत उघडत असेल तर हेही गणित बिघडतं. दाराची फळी साधारण अडीच फुटांची असते आणि ती जिथून फिरते ती जागा तुमची नाही, दाराची आहे. सरकतं दार असेल तर जागा वाचते, पण आवाजाचं काय ते पुढे सांगते.

‘सोफा-कम-बेड घ्या, प्रश्न मिटला’ हा सल्ला देणाऱ्याने तो कधी उघडून बघितलेला नसतो. समोर ओढून उघडायचा असेल तर तो भिंतीपासून सहा-साडेसहा फूट पुढे येतो. म्हणजे वरच्या ८ फुटी खोलीतही २ फुटांचं टेबल असेल तर तो पुरता उघडत नाही, उघडलाच तर पाय टेकायला जागा नाही. म्हणून घडीच्या कुठल्याही फर्निचरचं माप उघडलेलं घ्यायचं. बंद अवस्थेतलं माप दुकानाच्या कामाचं.

फ्लॅटमध्ये जाताना कागदी चिकटपट्टी घेऊन जा. मालकाला विचारून फरशीवर बेड, टेबल, दाराचा फेरा तिन्ही आखा आणि त्या रेषांमध्ये प्रत्यक्ष वावरा. खाली बसा, उठा, दार उघडा, खिडकीची कडी काढून बघा. एजंट घड्याळ बघेल, बघू दे. मग स्वतःला विचारा, रात्री पाहुणे आले की मॉनिटर, खुर्ची, वायरींचा गुंता जाणार कुठे? ‘हॉलमध्ये ठेवू’ हे उत्तर मी मोजत नाही. ठरलेलं कपाट किंवा ठरलेला कोपरा नसेल तर चार महिन्यांत ती खोली कायमचं ऑफिस होते आणि पाहुणे हॉलमध्ये झोपतात. आणि पाहुण्याला रात्री बाथरूमला जायला तुमच्या बेडरूममधून जावं लागत असेल, तर ती पाहुण्यांची खोली नव्हेच.

आवाज तपासायला यंत्र लागत नाही. फोनवर बातम्या लावा, बोलण्याइतका आवाज ठेवा, दार बंद करून हॉलमध्ये या. शब्द कळले तर तुमच्या मीटिंगा घरभर ऐकू जाणार. छतापर्यंत न पोचलेलं पार्टिशन, घडीचं दार, सरकत्या दाराच्या फटी यांतून आवाज सहज निघून जातो. पडद्यांनी खोलीतला घुमारा कमी होतो, आवाज बाहेर जायचा थांबत नाही.

खिडकी कुठे उघडते ते डोकं बाहेर काढून बघा. डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या आतल्या पाइपांच्या अरुंद पोकळीत, उघडत असेल तर शेजाऱ्यांच्या बाथरूमची हवा तुमच्या टेबलावर. खिडकीच नसेल तर तिथे कुणाला झोपवू नका. सामान ठेवा, आणि भाडंही सामानाच्या खोलीचं बोला.

इंटरनेट, प्लगपॉइंट: दार लावून आतून एक व्हिडिओ कॉल करा, पॉइंट मोजा. राउटरचा ५ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल वेगवान असतो, पण भिंतींपुढे २.४ गिगाहर्ट्‌झच्या सिग्नलपेक्षा लवकर दमतो.

ती खोली म्हणजे बंद केलेली बाल्कनी असेल तर परवानगी घेऊन बंद केली आहे का, हे लेखी विचारा. पाऊस असताना एकदा जाऊन चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांत बोट फिरवा. रंगाला फुगवटा, पापुद्रे दिसले तर तिथे पुस्तकं आणि कॉम्प्युटर ठेवायचं मनातून काढून टाका.

करारात तीन गोष्टी नावानिशी लिहून घ्या: भिंतीला भोकं पाडता येतील का, हलतं पार्टिशन लावता येईल का, घरून काम चालेल का. तोंडी ‘हो हो, काही प्रॉब्लेम नाही’ला घर सोडताना काही किंमत नसते, अनामत त्याच भोकांपायी अडकते.

चावी मिळाली की रिकाम्या खोलीचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला पाठवा. पहिल्यांदा बेड आणा, लावा, घडीचा असेल तर पूर्ण उघडा. टेबल त्यानंतर, उरलेली जागा मोजून.