गणपतीच्या आधी ठरवायचं

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. दरवर्षी जुलैत बारावीची दोन-तीन मुलं स्टाफरूमच्या दाराशी येतात, थोडी घुटमळतात आणि म्हणतात, "मॅडम, अमेरिकेला अर्ज करावा म्हणतोय. हार्वर्ड, एमआयटी वगैरे." करावा की करू नये, हे मी सांगत नाही. त्यांनी काय तयारी करून स्वतः ठरवावं, ते सांगते. यंदा ते लिहूनच ठेवतेय.

सगळ्यात आधी, रात्रीची जेवणं आटोपल्यावर आई-बाबांसमोर बस आणि पैशाचं बोल. या विद्यापीठांचा फी, राहणं, खाणं धरून वर्षाचा खर्च ८०,००० डॉलरच्या पुढे गेलाय. चार वर्षांचे रुपये करून वहीत लिही, बाबांना दाखव. आकडा बघून घाबरून जाऊ नका, पण तो न बघता पुढेही जाऊ नका. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन, ब्राऊन अशी मोजकी ठिकाणं परदेशी मुलाला निवडताना त्याची ऐपत बघत नाहीत, आणि घेतलं तर त्यांच्या हिशोबाने जेवढी गरज निघते तेवढी सगळी मदत देतात. स्टॅनफर्ड, कोलंबिया, कॉर्नेल, पेन इथे मात्र परदेशी मुलाने मदत मागितली की निवड करताना ती गोष्ट मोजली जाते. तेव्हा यादी करताना नावापुढे पहिला रकाना हाच ठेव. मदत हवी असेल तर अर्जातच 'हवी' म्हणायचं. 'आधी प्रवेश मिळू दे, मग मागू' असा विचार करून ती खूण टाळली, तर काही ठिकाणी पुढची चारही वर्षं मागता येत नाही.

मदतीच्या अर्जाला घरची कागदपत्रं लागतात आणि आपल्याकडे खरी धावपळ तिथेच होते. बाबा नोकरीत असतील तर फॉर्म १६ आणि रिटर्न मिळून जातं. शेती असेल तर बऱ्याचदा रिटर्न भरलेलंच नसतं. मग तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, सात-बारा, ऊसबिलं, पासबुक हे सगळं गोळा करून त्याचं इंग्रजी भाषांतर करून घ्यायचं. दाखल्याला किती फेऱ्या पडतात हे घरच्यांना विचार. ऑगस्टमध्येच सुरुवात कर.

आता कॉलेजची बाजू, आणि इथे मला जरा जास्त बोलायचंय. नववीपासून बारावीपर्यंतचे गुण, दोन शिक्षकांची शिफारसपत्रं आणि शाळेतर्फे एक पत्र, एवढं मागतात. नववी-दहावी जुन्या शाळेत झालेली असते, त्यामुळे तिथे जाऊन सहीशिक्का आणायला लागतो. शिफारसपत्राचं त्याहून अवघड. तू इंटिग्रेटेडला असशील, कॉलेजात नाव आणि दिवसभर क्लासला, तर तुला ओळखणारा शिक्षक कॉलेजात कोण आहे? चांगल्या पत्रात मुलगा वर्गात कुठे अडला, काय विचारलं, चुकला तेव्हा काय केलं, हे लिहायचं असतं. ज्याला मी दोन वर्षांत चारदा बघितलं त्याच्याबद्दल मी 'हुशार आणि मेहनती' याच्या पलीकडे काय लिहू? तुझ्याबद्दल पानभर खरं लिहू शकतील अशी दोन माणसं आठव. नाही आठवली, तर अर्ज न करण्याचं ते एक पक्कं कारण आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

मग कॅलेंडर काढ. कॉमन अ‍ॅप ही अनेक अमेरिकन विद्यापीठांना एकत्र अर्ज करायची वेबसाइट १ ऑगस्टला नव्या वर्षासाठी उघडते. लवकरचे अर्ज बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरला आणि नेहमीचे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बंद होतात. जानेवारीच्या शेवटी जेईई मेन, त्याच सुमारास प्रॅक्टिकल, फेब्रुवारीत बोर्ड. म्हणजे डिसेंबर, जो तू उजळणीसाठी राखलेला असतोस, तो निबंधांत जाणार. एमआयटीने २०२२ मध्ये आणि हार्वर्डने २०२४ मध्ये एसएटी किंवा तिच्याऐवजी चालणारी एसीटी ही प्रवेश चाचणी पुन्हा सक्तीची केली, तिचेही काही आठवडे धर. दहा विद्यापीठांना अर्ज म्हणजे मुख्य निबंध एक आणि छोटे वीस-तीस. माझ्या मते दोन्ही घोडी दामटू पाहणाऱ्या मुलाने यादी चार-पाचावर आणावी.

निवडीचं प्रमाण एकदाच नीट वाच. २०२४ च्या प्रवेशासाठी हार्वर्डकडे ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ जणांना होकार गेला. एमआयटीत परदेशी अर्जदारांपैकी शंभरात दोनाच्या आसपास निवडले जातात. ९९ पर्सेंटाइलवाली मुलंही नकार मिळणाऱ्यांत असतात. हे घरी सगळ्यांना सांगून ठेव, आजी-आजोबांनाही, म्हणजे मार्चअखेरीला निकाल आल्यावर तुला कुणाला समजावत बसावं लागणार नाही.

निबंधाची परीक्षा घरीच घेता येते. एक मुलगी माझ्याकडे उपक्रमांची यादी घेऊन आली होती. अर्जात दहा जागा असतात, तिने दहाही भरल्या होत्या: ऑलिम्पियाड, ऑनलाइन कोर्स, आठवडाभराचं समाजकार्य. मी विचारलं, कॉलेजातून घरी गेल्यावर काय करतेस? म्हणाली, काही नाही, डेअरीवर बसते. वडिलांचं दूध संकलन केंद्र. आठवीपासून सकाळ-संध्याकाळ फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), लिटर लिहायचं काम तिचं. दुसऱ्या दिवशी ती रजिस्टर घेऊन आली. समासात पेन्सिलीने बारीक खुणा होत्या: ज्या दिवशी मशीन नीट धुतलं नव्हतं त्या दिवशी सगळ्यांचीच फॅट कमी लागली, हे तिने स्वतः शोधून काढलं होतं आणि शेतकऱ्यांचे पैसे कापले जाऊ नयेत म्हणून बाबांशी भांडली होती. यादीत त्याचा एक शब्द नव्हता. घरची जबाबदारी हा तिथे उपक्रमांचा रीतसर प्रकार आहे, हे तिला माहीतच नव्हतं. तेव्हा मुख्य निबंधाचे ६५० शब्द लिहायला घेण्याआधी एक आठवडा आपण रोज काय करतो ते टिपून ठेव. त्या आठवड्यात सांगावंसं काही सापडलं तर लिही. अर्जासाठी म्हणून नवीन समाजकार्य सुरू करू नकोस.

त्या मुलीने पाच ठिकाणी अर्ज केले, पाचही ठिकाणांहून नकार आला. ती आता माटुंग्याला आयसीटीत, म्हणजे रसायन तंत्रज्ञानाच्या संस्थेत आहे आणि मनापासून शिकतेय. स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये एक अभ्यास छापला. सारख्याच तोडीच्या, सारख्याच विद्यापीठांनी निवडलेल्या अमेरिकन मुलांपैकी जी कमी नावाजलेल्या ठिकाणी गेली, त्यांची पुढची कमाई सरासरीने मागे पडली नाही. गरीब घरातल्या मुलांना मात्र मोठ्या विद्यापीठाचा फायदा दिसला. हे दोन्ही भाग घरी वाचून दाखव. आणि यादीत इथली ठिकाणंही त्याच गंभीरपणे लिही: बंगळूरची आयआयएससी, आयसर, चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट. त्यांचे अर्ज आणि परीक्षा वेगळ्या, तारखा वेगळ्या.

मला एका पत्राला तीन आठवडे लागतात. म्हणून गणपतीच्या सुट्टीआधी येऊन काय ठरलं ते सांग. अर्ज करणार असशील तर येताना दहावीची मार्कलिस्ट आणि ती आठवड्याची वही आण. करणार नसशील तरी ये. पुढचं काय ते बसून बघू.