रेडिएशनच्या थकव्यात जोडीदाराची साथ

किरणोपचारांचा पहिला आठवडा बहुधा बरा जातो, आणि म्हणूनच दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येणारा थकवा घरातल्यांना गोंधळात टाकतो. रात्रभर झोपूनही सकाळी उठवत नाही, आंघोळ करून आल्यावर पुन्हा आडवे व्हावे लागते, कोणी बोलत असताना मध्येच लक्ष सुटते. हा आळस नव्हे, आणि मन खचल्याचे लक्षण असेलच असेही नाही. किरणांमुळे कर्करोगाच्या पेशींबरोबर आसपासच्या निरोगी पेशींनाही इजा होते, शरीरात दाह वाढतो आणि ही झीज भरून काढण्यात बरीच शक्ती खर्च होते. त्यात कमी झालेला आहार, उतरलेले हिमोग्लोबिन, वेदना, तुटक झोप आणि रुग्णालयाच्या रोजच्या फेऱ्या यांची भर पडते. त्यामुळे नवऱ्याने किंवा बायकोने सर्वांत आधी करायची गोष्ट म्हणजे जोडीदाराच्या सांगण्यावर विश्वास ठेवणे. ‘जरा मनावर घे’ हे वाक्य कितीही प्रेमाने म्हटले तरी त्या माणसाला अपराधी वाटायला लावते, म्हणून ते घरात कोणीच उच्चारू नये.

थकवा हे लक्षण आहे आणि ते डॉक्टरांपर्यंत पोहोचले पाहिजे. रोज ठरावीक वेळी जोडीदाराला शून्य ते दहा या मापावर थकवा किती आहे ते विचारावे आणि वहीत तारखेसह लिहून ठेवावे. सात किंवा त्याहून वरचा आकडा म्हणजे तीव्र थकवा. अनेक रुग्ण डॉक्टरांसमोर ‘बरं आहे’ एवढेच सांगतात, तेव्हा त्यांची संमती घेऊन, त्यांच्या देखतच ही वही आपण पुढे करावी. ‘रेडिएशनमध्ये थकवा येणारच’ असे उत्तर मिळाले, तर यात दुरुस्त करता येण्याजोगे काही आहे का, असे नम्रपणे पण स्पष्ट विचारावे. रक्तक्षय, क्षारांचे बिघडलेले प्रमाण, न शमलेली वेदना, गुंगी आणणारे एखादे औषध, नैराश्य किंवा जंतुसंसर्ग यांवर उपाय असतात. शक्तिवर्धक टॉनिक, लोहाच्या गोळ्या किंवा कोणी सुचवलेला काढा मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

घरात सगळ्यात अवघड असते ते दिवसाचे नियोजन, कारण काळजीपोटी आपण दोनपैकी एका टोकाला जातो: एक तर जोडीदाराला अंथरुणातून उठूच देत नाही, किंवा उभारी यावी म्हणून सतत मागे लागतो. त्याऐवजी शक्ती कोणत्या वेळी त्यातल्या त्यात चांगली असते हे वहीवरून ओळखावे आणि त्या वेळेत काय करावेसे वाटते ते जोडीदारालाच विचारावे. कुणाला स्वतः देवपूजा करायची असते, कुणाला मुलीचा अभ्यास घ्यायचा असतो, कुणाला स्वयंपाकघरात बसून फोडणी कशी द्यायची ते सांगायचे असते. अशा एका कामासाठी शक्ती शिल्लक राहावी म्हणून बाकीची कामे हलकी करणे, हे आपले खरे काम आहे, असे मला मनापासून वाटते. बाथरूममध्ये स्टूल ठेवावे, लागणाऱ्या वस्तू हाताशी आणाव्यात, जिना चढण्याच्या फेऱ्या कमी कराव्यात, आणि शक्य असल्यास रेडिएशनची रोजची वेळ सोयीची व एकच मिळावी अशी विनंती विभागात करावी. दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासापुरती ठेवली, तर रात्रीची झोप मोडत नाही.

विश्रांतीइतकेच थोडे चालणेही आवश्यक आहे, ही गोष्ट अनेकांना पटत नाही. पण नियमित, हलक्या व्यायामाने हा थकवा कमी होतो, हे अभ्यासांतून दिसून आले आहे. डॉक्टरांची हरकत नसेल तर घरातल्या घरात पाच-दहा मिनिटांपासून सुरुवात करावी, सोबत आपणही चालावे, आणि जोडीदार थांबतो म्हणाला की थांबावे.

आहाराचा प्रश्न तोंडाच्या व घशाच्या कर्करोगात फार कठीण होतो. महाराष्ट्रात तंबाखू, गुटखा आणि मिश्रीमुळे अशा रुग्णांची संख्या मोठी आहे आणि त्यांचे रेडिएशन बहुधा सहा-सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालते. तोंड सोलवटलेले असताना ताटभर जेवणाचा आग्रह करू नये. दर दोन-तीन तासांनी मऊ भात व मुगाचे वरण, नाचणीची पेज, उकडलेले अंडे कुस्करून, दुधाची पावडर मिसळलेले दूध असे थोडे थोडे द्यावे आणि तिखट-आंबट टाळावे. वजन आठवड्यातून एकदा पाहावे. ते घसरत असेल तर आहारतज्ज्ञांना लगेच भेटावे. नाकातून नळी घालण्याचा सल्ला मिळाला, तर तो पराभव मानू नये.

मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात किंवा खारघरच्या केंद्रात उपचारांसाठी गावाहून येणाऱ्यांना रोजचा लांबचा प्रवास अतिशय थकवतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागेसाठी रुग्णालयातील समाजसेवा विभागात सुरुवातीलाच चौकशी करावी. रुग्णालयाच्या विहित प्रमाणपत्रावर कर्करुग्णाला रेल्वेच्या स्लीपर व थ्री एसी डब्यांत पूर्ण आणि सोबतच्या व्यक्तीला ७५ टक्के सवलत मिळते.

भेटायला येणाऱ्यांना वेळ आपणच द्यावी आणि आपणच उठवावे, म्हणजे वाईटपणा रुग्णाकडे जात नाही. बाहेरून यंत्राने दिलेल्या किरणोपचारांनंतर शरीरातून किरण बाहेर पडत नाहीत, म्हणून मुलांनी जवळ बसण्यात किंवा पती-पत्नींनी एका अंथरुणात झोपण्यात धोका नसतो. शरीरसंबंधांची इच्छा या काळात ओसरते. ती आपल्याविषयीची नाराजी नसते, आणि नुसते हात धरून बसणेही पुष्कळ असते. मात्र आपली झोप सलग मोडत असेल तर भाऊ, नणंद, शेजारी यांच्यापैकी कोणाला तरी आठवड्यातल्या ठरावीक दिवसांची सोबत स्पष्टपणे मागावी.

ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक, धाप, छातीत दुखणे, बोलण्यात असंबद्धता, रक्तस्राव, पाणीही गिळता न येणे, किंवा दिवसभर अंथरुणातून उठताच न येणे, यांपैकी काहीही दिसल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

शेवटचे रेडिएशन झाले की घरातल्यांना वाटते, आता माणूस उभा राहील. प्रत्यक्षात नंतरच्या एक-दोन आठवड्यांत थकवा अनेकदा सर्वाधिक असतो आणि पुढे काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत, हळूहळू उतरतो. नोकरीवर परतण्याची तारीख आणि घरातली कार्ये हे लक्षात घेऊनच ठरवावीत. मानेला रेडिएशन मिळालेल्यांमध्ये थायरॉइडचे काम पुढे मंदावू शकते, कधी वर्षांनंतरही. म्हणून थकवा रेंगाळला किंवा नव्याने आला तर टीएसएच ही रक्तचाचणी करून घ्यावी, आणि तक्रार नसली तरी दर सहा ते बारा महिन्यांच्या तपासणीत तिची आठवण डॉक्टरांना आपणच करून द्यावी.