आधी अवस्था ओळखा, मग जनुकं

एमएस्सी झूलॉजीची मुलं भेटली की प्रश्न ठरलेला असतो. "इव्हो-डेव्होमध्ये जायचंय, कोणतं सॉफ्टवेअर शिकू? डीएनए सिक्वेन्सिंग येत नसेल तर लॅबमध्ये घेतील का?" मी सांगतो, आधी भ्रूण बघायला शिका. इव्हो-डेव्हो म्हणजे उत्क्रांती आणि भ्रूणाची वाढ यांचा एकत्र अभ्यास. प्राण्यांची शरीरं कशी बदलत गेली हा या विषयाचा प्रश्न आहे. पण उत्क्रांती तयार, वाढलेलं शरीर बदलत नाही. ती ते घडण्याची रीत बदलते. काय लवकर सुरू होतं, काय मध्येच थांबतं, काय जास्त वेळ वाढत राहतं, हे डोळ्यांना दिसल्याशिवाय जनुकांची यादी हातात येऊन उपयोग नाही.

अजगराचं उदाहरण घ्या. त्याच्या शेपटीच्या मुळाशी दोन बारीक नख्या असतात. ते मागच्या पायांचे अवशेष. अजगराच्या भ्रूणात पायाची कळी उगवते, थोडी वाढते आणि थांबते. पाय घडवायला लागणारं सोनिक हेजहॉग हे जनुक सापांमध्ये शाबूत आहे. बदलला आहे तो पायाच्या कळीत ते जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा. २०१६ साली संशोधकांनी सापाचा हा तुकडा उंदरात त्याच जागी बसवला, तेव्हा उंदरांचे पाय खुरटले. हा प्रयोग सगळ्यांना आवडतो, मलाही. पण तो सुचायच्या आधी कुणीतरी सापाची अंडी उघडून रोजच्या रोज कळी बघितली होती, तिची चित्रं काढली होती. ते काम कुणाला फारसं आठवत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

सुरुवात कोंबडीच्या अंड्यापासून करा. दुकानातली अंडी बहुधा फलित नसतात, हॅचरीतून फलित अंडी आणा. ३७.५ ते ३८ अंश तापमानाला ठेवली की पिल्लू २१ दिवसांत बाहेर येतं. तुम्हाला तेवढं थांबायचं नाही. पहिल्या तीन दिवसांतली अंडी ठरावीक तासांनी उघडा आणि कोंबडीच्या भ्रूणाच्या अवस्थांचा हॅम्बर्गर-हॅमिल्टनचा १९५१ चा तक्ता शेजारी ठेवा. त्यात ४६ अवस्था आहेत. तासांवर विसंबू नका, इनक्युबेटर थोडा थंड असला की भ्रूण मागे पडतो. पाठीवरच्या सोमाइटच्या, म्हणजे मणके आणि स्नायू ज्यांतून घडतात त्या ठोकळ्यांच्या, जोड्या मोजा. दहा जोड्या दिसल्या तर दहावी अवस्था, आणि त्याच सुमारास हृदयाचं आकुंचन सुरू होतं. ते पहिल्यांदा दिसतं तेव्हा माणूस मायक्रोस्कोपवरून उठत नाही.

चित्र हातानं काढा. मोबाइलचा फोटो काढायला हरकत नाही, पण तो चित्राच्या जोडीला. हातानं काढताना "ही कडा नक्की कुठे संपते?" असं स्वतःला विचारावंच लागतं. फोटोत तो प्रश्न टाळता येतो.

मग पावसाळ्यात घाटात जा. पाझरणाऱ्या ओल्या कातळावर इंडिराना बेडकांची पिल्लं चिकटलेली दिसतात. हे बेडूकमासे, पण डबक्यात नाहीत, पाण्याच्या पातळ थरात दगडावर राहतात. शेपटी लांब आणि दणकट, तिच्यावरचा पर अरुंद, मागचे पाय लवकर येऊन चांगले मोठे झालेले. हात लावायला गेलात तर उडी मारतात. बेडूकमाशांच्या अवस्थांसाठी गॉस्नरचा १९६० चा तक्ता वापरतात, योगायोगानं त्यातही ४६ च अवस्था. त्यात मागच्या पायाची कळी २६ व्या अवस्थेच्या सुमारास येते आणि पुढचे पाय ४२ व्या अवस्थेत बाहेर पडतात. आता इंडिरानाचं पिल्लू या तक्त्याशेजारी ठेवा आणि विचारा: पाय पुढे गेलेत, पण तोंड, आतडं, डोळे कुठवर आलेत? सगळं शरीर घाईत आहे की एकटे पाय? माझ्या मते नवख्या माणसाला यापेक्षा चांगला प्रश्न मिळणार नाही.

त्याच जंगलात झुडपांवर राओर्केस्टेस हे बोटाच्या पेराएवढे बेडूक ओरडत असतात. त्यांच्या अंड्यातून बेडूकमासा येतच नाही, थेट चिमुकला बेडूक बाहेर पडतो. पोर्तो रिकोच्या कोकी बेडकातही असंच होतं आणि त्याच्यावर खूप काम झालंय. एरवी बेडूकमाशाचा बेडूक करणारं थायरॉइडचं संप्रेरक तिथे अंड्याच्या आतच आपलं काम करतं. आपल्या सह्याद्रीतल्या बेडकांवर असं काम करणारे हात हवे आहेत, आणि ते इथलेच असावेत असं मला मनापासून वाटतं.

परवानगीचं मात्र नीट ऐका. जंगलातून अंडी किंवा पिल्लं उचलायची तर वनविभागाची लेखी परवानगी लागते आणि ती वेळ खाते. जूनचं काम असेल तर अर्ज हिवाळ्यातच द्या. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांवर प्रयोग करायचे तर संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची मंजुरीही लागते. हे सगळं नको असेल तर हायड्रा हा पाठीचा कणा नसलेला इवलासा प्राणी आहे. तळ्यातल्या पाणवनस्पतींवर तो सापडतो, कापला की तुकड्यांतून पुन्हा पूर्ण वाढतो. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत त्याच्यावर अनेक वर्षं काम झालंय.

पीएचडीच्या प्रवेशाचं थोडक्यात. सीएसआयआर-यूजीसी नेट ही परीक्षा वर्षातून दोनदा असते, शिवाय गेट ही परीक्षा आहे. एनसीबीएस आणि टीआयएफआरसारख्या संशोधन संस्थांसाठी जेजीईईबीआयएलएस ही प्रवेश परीक्षा. जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळालेल्यांना, जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं. पीएचडीला पाच-सहा वर्षं धरून चाला आणि घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. मुलाखतीत पाठांतर फार टिकत नाही. समोर एखादी कवटी ठेवून "काय दिसतंय?" असं विचारतात. ज्यानं रोज बघायची सवय लावली, तो बोलू लागतो.

संख्याशास्त्राला घाबरू नका, पण टाळूही नका. आर ही आकडेमोडीची संगणकभाषा शिका, फुकट आहे. इमेजजे हा प्रोग्रॅमही फुकट, त्यानं फोटोतून पायाची आणि शेपटीची लांबी मोजता येते. मराठी माध्यमातून आलेल्यांची इंग्रजीची भीती मी जवळून बघितली आहे. शोधनिबंध वाचताना आधी आकृत्या बघा, त्यांच्यात काय आहे ते मराठीत वहीत लिहा, मग मजकुराकडे वळा. वेग आपोआप येतो.

उन्हाळी प्रकल्पासाठी लॅबला ईमेल पाठवताना स्वतःची स्तुती नको. तुम्ही कुठला प्राणी किती दिवस बघितला, त्यात काय खटकलं आणि काय मोजायचं आहे, एवढं चार ओळींत लिहा. आणि मार्कशीटच्या आधी तुमच्या चित्रांची दोन पानं जोडा.