तुलनात्मक साहित्याच्या एम.ए.ला अर्ज करताय? या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. तुलनात्मक साहित्यात एम.ए. करायचे म्हणून अर्ज दाखवायला येणारे विद्यार्थी वर्षाला तीन-चारच असतात, पण त्यांच्या चुका मात्र एकाच साच्यातून काढल्यासारख्या असतात, आणि त्या लाल पेनने खोडण्याचा मला आता कंटाळा आला आहे.

सर्वांत मोठी चूक भाषांच्या रकान्यात होते. तेथे बहुतेक जण ‘मराठी, हिंदी, इंग्रजी’ एवढेच लिहून मोकळे होतात. जो विषय एकाहून अधिक भाषा मुळातून जाणण्यावर उभा आहे, त्याच्या अर्जात घरची गोंडी, कोलामी, कोरकू किंवा तांड्यावरची गोरमाटी लपवायची आणि चार महिन्यांच्या ऑनलाइन वर्गात शिकलेली फ्रेंच मात्र ठळक अक्षरांत मिरवायची, हा प्रकार मला आजवर उमगलेला नाही.

काही वर्षांपूर्वी पांढरकवड्याकडच्या एका कोलाम पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची, विद्यार्थिनी माझ्याकडे आली होती. विद्यापीठाने अर्जासोबत दोन पानांचे निवेदन, म्हणजे ज्याला सगळे एसओपी म्हणतात ते, मागितले होते. ‘मला लहानपणापासून साहित्याची आवड आहे’ हे तिचे पहिले वाक्य, त्याखाली कोणा परदेशी विचारवंताचे वचन आणि पुढे दोन पाने इंटरनेटवरून वेचलेली वाक्ये. घरी कोणती भाषा बोलता, असे मी विचारले तेव्हा ती ओशाळली. मग हळूहळू तिने सांगितले की तिची आजी वाघाची एक गोष्ट पोडावरच्या लेकरांना कोलामीत सांगते आणि निंदणाला गेली की तीच गोष्ट धुऱ्यावर बसून इतर बायांना मराठीत सांगते. कोलामीत वाघ शेवटी जंगलात परत जातो, मराठीत मात्र गावकरी त्याला मारतात. मी म्हटले, “अगं, मग हेच लिही ना. कोलामी द्राविड कुळातली, मराठी आर्य कुळातली, आणि सांगणारी एकच. ऐकणारे बदलले की शेवट का बदलतो?” त्यावर तिने विचारले, “सर, पण हे साहित्यात धरतात का?”

दोन दिवसांत तिने निवेदन नव्याने लिहिले आणि ते खरोखर चांगले उतरले होते. परंतु शेवटच्या रात्री नेट कॅफेवाल्याने पेन ड्राइव्हमधील जुनीच फाइल चढवली, कारण दोन्ही फायलींचे नाव ‘फायनल’ असे होते. त्या वर्षी तिला मुलाखतीचे बोलावणेसुद्धा आले नाही. पुढच्या वर्षी ते नवे निवेदन तिने स्वतः बसून पाठवले, आणि मुलाखतीचा निम्मा वेळ आजीच्या वाघावर गेला. तेव्हापासून मी फाइलच्या नावात तारीख घालायला लावतो आणि निवेदनाचा पहिला मसुदा मोबाइल बाजूला ठेवून, मराठीत, हाताने लिहून घेतो. याला वेळ लागतो, म्हणून मुले कुरकुरतात; ज्यांना तासाभरात एसओपी हवा असतो त्यांना मी नेट कॅफेचाच रस्ता दाखवतो.

दुसरी आवडती चूक म्हणजे तुलना म्हणजे दोन कलाकृतींचे साम्य आणि भेद दोन रकान्यांत मांडणे, अशी समजूत. लेखनाचा नमुना मागितला की बी.ए.च्या प्रकल्पातली अशी तक्त्यांची चाळीस पाने जोडली जातात. कालिदासाच्या मेघदूताशी जोडले जाणारे रामटेक आपल्याकडे असल्यामुळे तेही काव्य हमखास येते, आणि कालिदासाची थोरवी सांगण्यातच दहा पाने संपतात. त्यापेक्षा मेघदूताचे एकच कडवे घ्यावे, चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, बा. भ. बोरकर आणि शांता शेळके यांनी ते मराठीत कसे आणले ते शेजारी शेजारी ठेवून पाहावे, मूळचे मंदाक्रांता वृत्त कोणी राखले, कोणी सोडले आणि त्यामुळे यक्षाचा आवाज कसा बदलला, एवढाच प्रश्न आठ पानांत नीट सोडवावा. किंवा अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरला जावे. तेथे रुजलेल्या महानुभाव पंथाचे मराठी ग्रंथ पंजाबपर्यंत पोहोचले आणि पंजाबी अनुयायांनी ते जपले, हा प्रवास तुलनेचा नाही तर कशाचा?

संस्था निवडतानाही घाई नडते. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातील तुलनात्मक साहित्याचा विभाग बुद्धदेव बसू यांनी १९५६ मध्ये सुरू केला, तर दिल्ली विद्यापीठात तुलनात्मक भारतीय साहित्य आधुनिक भारतीय भाषांच्या विभागात शिकवले जाते. दोन्हीकडचा अभ्यासक्रम न वाचता एकच मजकूर पाठवला, तर तो वाचणाऱ्याच्या ते लगेच ध्यानात येते. शिवाय जादवपूर राज्य विद्यापीठ आहे. केंद्रीय विद्यापीठांसाठीची सीयूईटी ही प्रवेश परीक्षा दिली म्हणजे तेथेही अर्ज झाला, असे समजून दोघांनी मुदत घालवलेली मी पाहिली आहे.

कागदपत्रांतल्या एका चुकीत मीही वाटेकरी आहे. ओबीसी प्रवर्गातील एका मुलाकडे राज्याचे नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र होते, त्यावर तीन वर्षांची मुदत छापलेली होती, आणि ते चालेल असे मीच त्याला सांगितले. केंद्रीय विद्यापीठाला केंद्राच्या नमुन्यातले आणि चालू आर्थिक वर्षात, म्हणजे १ एप्रिलनंतर, काढलेले प्रमाणपत्र हवे होते. ऐन हंगामात प्रमाणपत्रावर सही करणारे साहेब निवडणुकीच्या कामावर, सेतूचा सर्व्हर बंद, आणि मुलगा रोज एसटीने तालुक्याला येऊन परत जाई. कागद हातात आला तेव्हा जागा भरल्या होत्या. आता एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच मी मुलांना तहसीलला पिटाळतो. निकाल लागू द्या, मग बघू, हे उत्तर मी ऐकून घेत नाही.

शिफारसपत्र किमान तीन आठवडे आधी मागावे. “तूच लिहून आण, मी सही करतो” असे म्हणणाऱ्या प्राध्यापकांना तुमच्या कामाचे पाच मुद्दे लिहून द्यावेत आणि पत्र त्यांनाच लिहू द्यावे.

सीयूईटीत चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो, त्यामुळे ठोकताळ्याने गोळे रंगवण्याची शाळेतली सवय तेथे सोडावी.

अर्जात ईमेल आणि मोबाइल नंबर स्वतःचाच द्यावा. एकाने कॅफेवाल्याचा दिला होता. कॅफेवाला लग्नाला चंद्रपूरला गेला, ओटीपी त्याच्या खिशात वाजत राहिला आणि मुलाला स्वतःचा अर्ज उघडता आला नाही.